मायप्पाअण्णा आणि न पुसलेली ओळ

मायप्पाअण्णांनी बकरं कापलं आणि त्याचं रक्त आमच्या ऑफिसच्या कॉम्प्युटरवर ओतलं.

फाट्टकन आवाज झाला. धूर निघाला. खेळ खल्लास.

आज सकाळी अण्णा गेले. तेव्हापासून तोच धूर डोळ्यांसमोर आहे, म्हणून लिहितेय.

ऐंशीच्या दशकाचा शेवट होता. बिदरला एका वकीलसाहेबांकडे मी टायपिस्ट. साहेबांनी हौसेनं कॉम्प्युटर घेतलेला, आणि त्यात माझ्याच वडिलांच्या खुनाची केस होती.

हुलसूरकडच्या आमच्या गावात वडिलांनी विहिरीच्या पाण्यात हिस्सा मागितला. म्हणून त्यांना दिवसाढवळ्या कुऱ्हाडीनं तोडलं.

आम्ही बौद्ध. मारणारे गावातले बडे. सगळ्या गावाला एकदम दिसेनासं झालं.

एकच माणूस म्हणाला, "म्या बघितलो."

मेंढरं चारणारे मायप्पाअण्णा. धनगर. तोंडाआधी हात चालायचा.

दसऱ्याच्या सुट्टीनंतर कोर्ट उघडलं की शेवटचा युक्तिवाद लेखी द्यायचा होता. साहेबांनी सांगितलेला, मी टाइप केलेला. प्रिंटरची रिबन संपली होती, त्यामुळं कागदावर एक अक्षर नव्हतं. सगळं त्या डब्यात.

खंडेनवमीला अण्णा बकरं घेऊन दारात हजर.

"आज हत्याराची पूजा हाय. तुमचं हत्यार ह्येच की!"

मी पूजा करत नाही. उगाच कुणाला अवघडल्यासारखं नको म्हणून बाहेर जाऊन उभी राहिले. साहेबांना वाटलं, हळदकुंकू लावतील.

आमच्या भागात लॉरीला, नांगराला रक्त दाखवतात. दाखवतात म्हणजे बोटभर हो! अण्णांची भक्ती तांब्याभर. मागच्या जाळीतून थेट आत.

फ्लॉपीवर कॉपी होती ना, असं विचाराल. होती. तीही पूजेला मांडलेली. भंडाऱ्यात आणि नारळाच्या पाण्यात न्हाऊन निघाली होती.

साहेबांनी अण्णांच्या कानाखाली वाजवली.

अण्णांनी साहेबांना उचलून कपाटावर आपटलं. काचा फुटल्या. साहेबांची भुवई फाटली. दारात बकऱ्याचं रक्त, आत वकिलाचं.

मी मध्ये घुसले आणि किंचाळले, "माझा बाप आहे त्या डब्यात! बाप!"

दोघांनी एकमेकांची गचांडी सोडली.

अण्णांनी डबा घोंगडीत गुंडाळला आणि खांद्यावर घेतला. "कुटं न्यायचं, सुजाता, बोल."

गुलबर्ग्याच्या बसमध्ये कंडक्टरनं विचारलं, "रक्त गळायलंय, काय हाय त्यात?"

"मेलेलं हाय. जित्तं करायला नेयलोय."

आमच्या आजूबाजूच्या सीटा आपोआप रिकाम्या झाल्या.

गुलबर्ग्यात दुरुस्तीवाल्या भाईंचं दुकान उघडं सापडलं. त्यांनी आधी घोंगडीकडं बघितलं, मग अण्णांच्या कमरेकडं.

"कोयता बाहर रको चाचा, फिर बात करतूं."

डबा उघडला. आत मुंग्या. भाई नाक धरून म्हणाले, "बकरा इसमेंच काटे क्या?"

वीज देणारा भाग जळून कोळसा झाला होता. पण हार्ड डिस्क म्हणजे बंद लोखंडी डबी. भाईंनी ती स्पिरिटनं पुसली आणि स्वतःच्या मशीनला जोडली.

काहीच नाही.

अण्णांनी भाईंची मान धरली. भाई तसेच गुदमरत हात लांब करून केबल उपसायला लागले. उलटी लागली होती. सुलटी केली, आणि डिस्क घरघरली.

पडद्यावर फाइलींची नावं उतरली. मी तिथंच रडले.

आमची फाइल उघडली. सगळं शाबूत आहे का बघायला मी मोठ्यानं वाचत होते. मजकूर इंग्रजीत, म्हणून अण्णांना मराठीत सांगत होते.

उलटतपासणीपाशी आले. आरोपीच्या वकिलानं विचारलं होतं, एवढं डोळ्यांदेखत घडलं, तर सोडवायला का गेला नाहीत?

अण्णांचं उत्तर: भ्यालो. बोरीमागं लपलो. त्यो पाणी मागत होता, तरी मी उठलो न्हाई.

"ती वळ पुस," अण्णा म्हणाले.

"अण्णा, कोर्टाच्या कागदात ते आहेच. साहेबांचा सगळा युक्तिवाद त्यावर उभा आहे. खोटा साक्षीदार स्वतःला भित्रा कशाला म्हणवून घेईल?"

"मोठ्यानं वाचतेत त्ये. साक्षीच्या टायमाला माजी पोरं नव्हती, आता बसतेत तितं. पुस!"

अण्णा बाहेर जाऊन कोयता घेऊन आले आणि टेबलावर हाणला. लाकडाचा तुकडा उडाला. भाई टेबलाखाली.

मीही कुठं थंड डोक्याची! म्हटलं, "कापा. बापाला कापताना बघितलंत, आता लेकीला कापा."

कोयता हातातून सुटला. तो पहाडासारखा माणूस जमिनीवर बसला आणि स्वतःच्याच तोंडात मारून घ्यायला लागला. मी थांबवलं नाही. नवीन फ्लॉपीवर फाइल उतरवत राहिले.

एक ओळ पुसली नाही.

भर कोर्टात ते "भ्यालो" वाचलं गेलं. आरोपींना जन्मठेप झाली.

गावानं अण्णांच्या पोरांना "भित्र्याची अवलाद" म्हणून चिडवलं. मारामाऱ्या झाल्या. धाकट्याचं डोकं फुटलं.

अण्णा माझ्याशी पुन्हा बोलले नाहीत. बाजारात समोर आले की वाट बदलायचे. मलाही राग होता. मेला माझा बाप, आणि फुगून बसलेत हे!

आज कुणी विचारलं तरी ती ओळ मी पुसणार नाही. त्या ओळीमुळं मला न्याय मिळाला. आणि ते भ्यालेले होते, तरी साक्षीला उभे राहिले होते. हे त्यांना तोंडावर सांगायचं राहिलं, याचं फार वाईट वाटतं.

मघाशी त्यांच्या थोरल्याचा फोन आला.

"अक्का, निगालाव का? अप्पा सांगून ठिवलेत. सुजाता आल्याबिगर मला उचलू नका. पैला खांदा तिचा."

बसमध्ये बसलेय, अण्णा.

थांबा.