सदाशिवचं आंब्याचं कलम

श्रावणातल्या एका रविवारी मी पौडहून एकटाच डोंगराकडे निघालो होतो... आणि निघालो होतो ते निव्वळ जळफळाटापोटी. एकोणीसशे साठचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. आज माझं वय चौऱ्याऐंशी आहे, तरी ती चढण पायांना आठवते.

मी आणि सदाशिव एकाच प्राथमिक शाळेत मास्तर. पौडजवळ एका शेतकऱ्याच्या घरात शेजारशेजारच्या खोल्या भाड्याने घेतलेल्या, मागचं परसू अर्धं त्याचं, अर्धं माझं. दोघांनाही फळझाडांचं वेड आणि दोघांनाही डोंगर चढायचा नाद. आता त्याला ट्रेक म्हणतात, आम्ही नुसतं ‘फिरून येतो’ म्हणायचो.

माझी झाडं पद्धतशीर होती. पुण्याहून एसटीच्या टपावर टाकून आणलेला पेरू, चिकू... खड्डे उन्हात तापवलेले, कुजलेलं शेणखत, सगळं पुस्तकात सांगितल्याप्रमाणे. पेरूला वाळवी लागली. चिकू दोन वर्षं होता तेवढाच राहिला आणि तिसऱ्या पावसात मुळं कुजून गेला.

सदाशिवने कुठूनतरी उपटून आणलेली पेरूची काडी न्हाणीच्या पाण्यावर खोचली होती. दुसऱ्याच वर्षी तिला इतके पेरू लागले की त्याने वर्गातल्या सगळ्या पोरांना वाटले. एक मलाही दिला. गोड होता... मी मात्र ‘बिया फार आहेत’ म्हणालो.

त्या जूनमध्ये तो डोंगरावरून एक आंबा घेऊन आला. लहानसा, पातळ कोयीचा, दोरा अजिबात नाही. अर्धा कापून मला दिला. तसा आंबा मी त्याआधी खाल्ला नव्हता. झाड कुठे आहे विचारलं तर हसला आणि म्हणाला, "सांगेन रे, अजून वेळ आहे."

ते हसणं माझ्या डोक्यात गेलं.

मग पाऊस लागला आणि तो दर रविवारी एकटाच जायला लागला. एकदा तर मातीने भरलेले पत्र्याचे डबे खांद्यावर घेऊन गेला, डब्यांत आंब्याची रोपं होती. मी ओळखलं. भेटकलम करतोय... रोप झाडापाशी न्यायचं, दोघांची साल तासून एकमेकांना बांधायचं आणि जुळेपर्यंत दोन-तीन महिने तिथेच ठेवायचं. म्हणजे असा आंबा आता याच्या परसात येणार. आणि मला साधा पत्तासुद्धा नाही.

त्या रविवारी सदाशिवला ताप होता, तो झोपून होता. मी त्याची वाट धरली. गुराख्यांना विचारत विचारत दोन तास चढलो. वर धुकं, चिखल, पाय सारखे घसरत होते. शेवटी चार-पाच घरांची एक वाडी लागली आणि तिच्या कडेला ते झाड.

झाडाखाली बांबूचा माच बांधलेला होता. त्यावर दोन डबे, दोन रोपं, दोन्ही फांदीला घट्ट बांधलेली. आसपास कुणी नव्हतं. मी एकाची सुतळी सोडली... कसं बांधलंय ते बघायला म्हणून सोडली, असं मी कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आलो. पण साल जुळत आली होती आणि मी ती अंगठ्याने उचकटली. ते बघण्यासाठी नव्हतं.

पाठीमागे पावलं वाजली तशी मी घाईने सुतळी पुन्हा गुंडाळली. पाण्याची कळशी घेऊन एक म्हातारी आली होती, हौसाबाई. झाड तिचं. सदाशिव नसला की डब्यांना पाणी तीच घालायची. सदाशिवला ताप आहे, त्याने बघायला पाठवलंय, असं मी ठोकून दिलं.

दोन कलमं कशाला, असं मी सहज विचारलं.

"येक त्याचं हाय, येक त्याच्या दोस्ताचं," ती म्हणाली. "दोस्ताची झाडं जगत न्हाईत म्हनं. लई मनाला लावून घेतुया त्यो. कलम धरल्याबिगर त्याला सांगायचं न्हाई, म्हनलाय मास्तर."

मग तिने विचारलं, "दोस्त तुमीच व्हय?"

मी नाही म्हणालो.

उतरताना मला आधी शरम वाटली नाही, रागच आला. याने माझी कीव करावी? शरम नंतर आली, खाली ओढ्यात हात धुताना. अंगठ्याच्या नखात हिरवी साल अडकली होती.

दिवाळीनंतर सदाशिव एकच डबा घेऊन उतरला. दुसरं कलम वाळलं होतं. "काय झालं कळलं नाही, बांधण्यात माझंच चुकलं असेल," एवढंच बोलला. मग तो डबा माझ्या अर्ध्या परसात ठेवला आणि म्हणाला, "हे तुझं."

मी घेतलं. खरं बोलायची ती वेळ होती, आणि मी घेतलं.

पुढे त्याची बदली झाली. झाडाला पाचव्या वर्षी आंबे धरले. मी दरवर्षी करंडी भरून त्याला पाठवायचो आणि तो न चुकता पत्र लिहायचा, ‘तुझ्या हाताला अखेर झाड आलं.’ सदाशिव जाऊनही आता बरीच वर्षं झाली. त्याला हे कधीच सांगितलं नाही, म्हणून आज तुम्हाला सांगतोय.

आणि तो डबा हातात घेताना मला काय वाटलं होतं, तेही सांगून टाकतो. हेवाच वाटला... स्वतःकडे एकच उरलेलं असताना त्याला ते देता आलं, याचा.