कडक उपास

अक्का मुलाचं तोंड बघायच्या आधी त्याची मान बघायच्या. ओपीडीत पोर आलं, की खुर्चीवरून उठून त्याच्या मागे जाणार आणि शर्टाची कॉलर खाली ओढणार. मानेवर काळपट, जाडसर पट्टा दिसला की आईला म्हणणार, "घासू नको वं माय, हा मळ नाही." तोवर त्या माउलीने दगडाने घासून घासून पोराची मान सोलून काढलेली असायची. शरीर इन्शुलिनला दाद देईनासं झालं की मान अशी काळवंडते, साखर वाढायच्या कितीतरी आधी. आपल्या भागातल्या मुलांमध्ये हे कुठवर पसरलंय, हे शोधायचा अक्कांना ध्यासच लागला होता.

त्या आमच्या बालरोग विभागाच्या प्रमुख. पेशंटच्या आया अक्का म्हणायच्या म्हणून आम्ही शिकाऊ डॉक्टरही म्हणायला लागलो, आधी पाठीमागे आणि मग तोंडावरही. मी साक्रीकडची, एमडीला जळगावात आलेली, जन्माची घाबरट. माझ्या बोलण्यात चुकून 'आहे'ऐवजी अहिराणी 'शे' आलं की त्या मुद्दाम विचारायच्या, "बठ्ठं बरं शे ना? सगळं बरं, तर मग घाबरतेस कशाला?"

रिपोर्ट घेऊन गेलं तर तो टेबलावर पालथा ठेवायच्या. "आकडा मागून. आधी सांग, हे पोर सकाळी उठल्यापासून काय काय खातं?" एखादं उत्तर आलं नाही की परत पाठवायच्या, मग ते घर पिंप्राळ्यात असो की पार रावेरकडे. मी दोनदा रडलेय त्यांच्यासमोर. दोन्ही वेळा त्यांनी रुमाल दिला आणि परत पाठवलंच.

माझ्या प्रबंधासाठी सावद्याच्या एका शाळेत मुलांचं रक्त घ्यायचं ठरलं. सकाळी, काहीही न खाता. आयांना आदल्या दिवशी निरोप मीच दिला. 'रिकाम्या पोटी' म्हटलं तर कुणीतरी चहा-बिस्किट देणारच, म्हणून मी शहाणीने ठणकावून सांगितलं, "उद्या सकाळी पोरांना कडक उपास!"

रिपोर्ट आले. साखर ठीक, इन्शुलिन मात्र भलतंच वाढलेलं, तेही बहुतेक सगळ्यांचं. प्रबंधाला हवं तेच सापडलं म्हणून मी हरखूनच गेले. अक्कांच्या कपाळाला आठ्या. "माना तर साफ आहेत गं यांच्या. पुन्हा तपासू. तोवर कुणाच्या घरी एक शब्द बोलायचा नाही."

मी बोलून बसले होते. हर्षाली नावाच्या अकरा वर्षांच्या मुलीचा आकडा सगळ्यांत मोठा होता. तिच्या वडिलांना मी फोनवर सांगूनही टाकलं होतं, "खाण्यावर लक्ष ठेवा, धोका आहे." हे अक्कांना सांगायची हिंमत झाली नाही.

बारा दिवसांनी पुन्हा तपासणीचं सांगायला तिच्या घरी गेले, तर पोरीचे गाल बसलेले. वडील केळीच्या बागेतून तसेच आलेले, हात जोडून म्हणाले, "मॅडम, आता एकच पोळी देतो. भात बंद. केळं तर नजरेलासुद्धा पडू देत नाही." आई हळूच म्हणाली, "त्या दिवशी त कडक उपास केला होता पोरीनं. दोन केये अन् वाटीभर साबुदाना, बस्स. भाकरीला हात नाही लावला."

माझ्या पायाखालची जमीनच सरकली. अगं बाई, उपास! उपास म्हणजे केळी, साबुदाणा, शेंगदाण्याचे लाडू, हे खान्देशातल्या पोरीला कुणी सांगायला हवं होतं? मी स्वतः दर चतुर्थीला तेच खाते! आणि असलं गोड-पिठूळ पोटात गेलं की इन्शुलिन वाढणारच. चार घरी जाऊन विचारलं. बठ्ठ्यांनी अगदी मनोभावे उपास केला होता.

परतीच्या एसटीत मी हिशेब मांडत बसले. अक्का दोन महिन्यांत निवृत्त होणार, नव्याने सगळं करायला वेळ नाही. गप्प बसावं, निस्तरेल आपोआप, असंही मनात येऊन गेलं. खोटं कशाला बोलू? पण हर्षालीचे गाल डोळ्यांपुढून हलेनात. उतरले ती थेट अक्कांच्या खोलीत गेले आणि सगळं ओकून टाकलं.

प्रबंधाचं बाजूला ठेवून त्यांनी आधी विचारलं, "किती दिवस अर्धपोटी आहे ती?"

"बारा."

"उद्या सकाळी निघायचं."

सावद्याला ओट्यावर बसून अक्का तिच्या वडिलांना म्हणाल्या, "भाऊ, चूक आमची आहे. हिला मी शिकवलंय, म्हणजे माझीच. पोरीला पोटभर जेवू घाला." त्या सकाळी खरोखर रिकाम्या पोटी तिचं रक्त घेतलं. दोन दिवसांनी रिपोर्ट घेऊन दोघी पुन्हा गेलो, तो अगदी चांगला आला होता. वडिलांनी तो हातात घेतला, मान डोलावली आणि म्हणाले, "पण मॅडम, उगाच धोका कशाला? एकच पोळी बरी."

बाहेर आल्यावर अक्का माझ्याकडे वळल्या. "भीती घालायला तुला एक फोन पुरला. आता काढायला किती लागतात, मोज."

मी दर आठवड्याला फोन करत राहिले. सगळे जुने नमुने बाद झाले, काम अर्धवट राहिलं आणि अक्कांचा निरोप समारंभ येऊन ठेपला. त्यांना रिक्षापर्यंत सोडताना मला राहवलं नाही. "अक्का, तुमचं काम माझ्यामुळे राहिलं."

"राहिलं तर तू करशील. हर्षालीचं काय?"

"दोन पोळ्या देतो म्हणतात वडील."

"म्हणतात?" एवढंच बोलून त्या रिक्षात बसल्या आणि रिक्षा फाटकाकडे निघाली.

मी तिथेच फोन लावला. या खेपेला हर्षालीनेच उचलला, तोंडात घास. "पप्पा शेतात गेलेत. मी जेवतेय ना, मॅडम! आई तिसरी पोळी वाढतेय, गार होईल. नंतर करा!"

आणि फोन आपटला. मी रडत, हसत अक्कांना सांगायला फाटकापर्यंत धावले. रिक्षा केव्हाच निघून गेली होती.