जांभळं न होणारं वांगं

काल लेकीच्या पोस्टर कलरची बाटली उघडली आणि त्या आंबूस वासानं मला थेट परळच्या चाळीतल्या आमच्या गॅलरीत नेऊन बसवलं. तेव्हा दुसऱ्या दिवशी माझी चित्रकलेची परीक्षा होती आणि समोर एक वांगं होतं. तांबडा आणि निळा मिसळला की जांभळा होतो, असं शाळेतल्या बाईंनी सांगितलं होतं. माझा मात्र चिखल होत होता. निळा वाढवला, पांढरा घातला, तरी चिखलच.

"वांगा दी गो! रंग खावन प्वाट भरतला काय?" स्टोव्हपाशी बसलेली आई ओरडली.

"थांब गं आई, जांभळा होतच नाहीये मेला!"

ती उठली आणि वांगं घेऊन गेली. आपला हातच वाईट, म्हणून मी रडत बसले.

आज कळतं की त्या शेंदरी तांबड्यात पिवळा आधीच होता, आणि पिवळा शिरला की जांभळ्याचा चिखलच होतो. एवढं एक वाक्य सांगायला बाईंच्या तोंडाला काय झालं होतं?

त्या रात्री जेवताना आईनं वांग्याच्या भाजीचं ताट माझ्या चित्राला लावून धरलं.

"बघ, आता जुळलो मा रंग?"

आणि खरंच जुळला होता, मेला.