पंखा बंद करा, दाजी आले

पंख्याचा आमच्या दाजींइतका दुस्वास करणारा माणूस सबंध पिंपरी-चिंचवडात सापडायचा नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. मे महिन्यात काळेवाडीला त्यांच्या घरी जायचं माझ्या अगदी जिवावर येतं. गच्चीखालचं घर, तापलेल्या भिंती. आपण घामाघूम होऊन कोचावर टेकावं, ताईनं कौतुकानं पंख्याचं बटण दाबावं, आणि आतल्या खोलीतून दाजींचा आवाज यावा, "पंखा बंद. ज्योत हलते." कुठली ज्योत, हे विचारायची सोय नाही. कधी गॅसवर चहाचं आधण असतं, कधी देवापुढे निरांजन असतं, आणि यांतलं काहीच नसलं तरी दाजींच्या डोक्यात एक ज्योत कायम पेटलेली असते. मग मी वर्तमानपत्राची घडी करून वारा घेत बसतो. तर बाहेर येऊन म्हणतात, तेसुद्धा जरा हळू घे.

दाजी एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायचे. शिकवणं पोटासाठी, सगळा जीव प्रयोगशाळेतल्या एका बर्नरवर. नळीतून गॅस आणि हवा जोरात सोडायची, ती पेटवायची, वर पोलादी पत्रा धरायचा, आणि त्या खवळलेल्या ज्योतीतली उष्णता पत्र्यावर कुठे किती लागते ते मोजायचं, एवढंच त्यांचं काम. एवढंच म्हणतो खरा, पण त्यात त्यांची सगळी उमेद गेली. शांत ज्योतीचं गणित कुणालाही मांडता येतं, असं त्यांचं म्हणणं. खवळलेला झोत मात्र क्षणाक्षणाला वेगळा वागतो, त्याच्यापुढे बसून राहण्यावाचून गत्यंतर नाही. त्यामुळे प्रयोग चालू असताना प्रयोगशाळेचं दार उघडायचं नाही, भरभर चालायचं नाही, आणि शिंक आली तर बाहेर जाऊन शिंकायचं. पण बाहेर जायला दार उघडावंच लागतं. मी एकदा तसं बोलून दाखवलं, तर म्हणाले, मग शिंकूच नये.

साध्या प्रश्नाला साधं उत्तर द्यायची तर या माणसाला सवयच नाही. तब्येत कशी आहे म्हणून विचारावं, तर म्हणतात, सरासरी बरी आहे, पण तू सरासरीवर जाऊ नकोस. हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये मी अडकलो असताना फोनवर किती वेळ लागेल हे सांगितलं, की त्यात कमी-जास्त किती धरू, असं उलट विचारतात. एकदा घडलेल्या गोष्टीवर त्यांचा विश्वास नसतो. ताईच्या चहाला मी छान म्हटलं, तर तिला लगेच तसाच चहा परत करायला लावतात. तोही छान झाला तरच पहिला खरा. एका सुट्टीत त्यांनी गॅसच्या शेगडीचे भांडं ठेवायचे खूर कानशीनं घासून बुटके केले. भांडं अमुक एका उंचीवर असलं की ज्योत सगळ्यात चांगली लागते म्हणे. पण खूर सगळे सारखे घासले गेले नाहीत. कुकर एका बाजूला कलायचा, दूध दुसऱ्या बाजूनं उतू जायचं, आणि ताई दोन्ही बाजूंनी संतापायची. पोळ्या मात्र त्या शेगडीवर टम्म फुगायच्या. हे ताईही कबूल करते, फक्त दाजी जवळपास नसले तर.

मी मात्र खरा मेटाकुटीला आलो तो माझ्या शेडमध्ये. निघोज्यात माझं पावडर कोटिंगचं छोटं काम आहे. लोखंडी ब्रॅकेट्सवर रंगाची पूड मारायची आणि भट्टीत भाजून ती पक्की करायची. मागच्या वर्षी भट्टीच्या एका कोपऱ्यातला माल सारखा कच्चा निघायला लागला. नखानं खरवडलं की रंग सुटायचा. माल घेणाऱ्या कंपनीनं गाडी परत पाठवली, आणि पुढची गाडीही परत आली तर काम काढून घेऊ असं बजावलं. घाबरून मी दाजींना बोलावलं. ते आले ते हातात उदबत्तीचे पुडे घेऊन. भट्टी गार करून नुसता ब्लोअर चालू ठेवायला सांगितला, मूठभर उदबत्त्या पेटवल्या आणि भट्टीच्या तोंडाशी धरून धुराकडे टक लावून उभे राहिले. शेडमधले पंखे अर्थातच बंद. माझ्या माणसांनी हे पाहिलं आणि एकेकानं चपला काढल्या. हात जोडून सगळे रांगेत उभे राहिले. आमच्याकडे भट्टी बिघडली की मेकॅनिकच्या आधी तिची पूजा होते, त्यात नवल काही नाही. निघोज्याचेच एक वयस्कर मामा माझ्याकडे आहेत. ते हळूच माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "सर लई मन लावून करत्यात. नारळ हाय, फोडू का?" मी नको म्हणेपर्यंत त्यांनी तो भट्टीच्या उंबऱ्यावर फोडलासुद्धा. पाणी उडालं, धूर फाटला, आणि दाजी असे काही कळवळले की नारळ त्यांच्याच पायावर पडला असं सगळ्यांना वाटलं.

तरी दोष त्यांनी शोधला. गरम हवेचा झोत आत शिरल्याबरोबर बाजूच्या भिंतीला चिकटून सरळ पुढे जात होता, आणि पलीकडच्या बाजूचा कोपरा उपाशी राहत होता. झोताच्या तोंडाशी पत्र्याची एक पट्टी तिरपी लावली आणि माल पक्का निघायला लागला. मला रडू यायचं बाकी होतं, मी पेढे आणायला माणूस धाडला. एवढ्यात दाजींनी ती पट्टी काढून टाकली. का, म्हणून विचारलं तर म्हणाले, "पट्टी काढल्यावर माल पुन्हा कच्चा निघाला पाहिजे. नाहीतर पट्टीनंच पक्का झाला कशावरून?" गाडी दारात उभी, कंपनीचा फोन वाजतोय, आणि हे माझ्या भट्टीत मुद्दाम कच्चा माल काढतायत. त्या दिवशी मी त्यांना काय काय बोललो ते ताईला अजून सांगितलेलं नाही. संध्याकाळी त्यांनी पट्टी परत लावली, माल परत पक्का निघाला, आणि ते शांतपणे पेढा खात बसले. ती पट्टी अजून तिथेच आहे.

यंदा दाजी निवृत्त झाले, आणि कॉलेजनं त्यांना कळवलं की प्रयोगशाळेच्या जागी कॉम्प्युटरची खोली होणार. आता ज्वाळा पेटवायची गरज नाही, सगळं पडद्यावर दिसतं. दाजींनी एकच विचारलं म्हणे, की पडद्यावरचं उत्तर बरोबर आहे हे कशाशी ताडून बघणार, कुणीतरी खरं मोजलेलं असायला नको का? त्यावर सगळ्यांनी माना डोलावल्या आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर खोली रिकामी करायचं ठरलं. बर्नर, पत्रा, नळ्या, सगळं भंगारात जाणार होतं, कॉलेजच्या जुन्या पंख्यांच्या ढिगाबरोबर. झोताला पीळ देऊन, म्हणजे तो भोवऱ्यासारखा फिरवत सोडून, मोजायचं तेवढं त्यांचं राहिलं होतं. तेवढं झालं की काम पुरं झालं असतं.

भाऊबीजेला मी काळेवाडीला गेलो. दरवर्षीची भाऊबीज म्हणजे आमच्याकडे प्रयोगच. पंखा बंद, खिडक्या बंद, ताई ओवाळायला लागली की दाजी निरांजनाला नाक लावून बसणार, सावकाश फिरव म्हणून तिच्या मागे लागणार, आणि मग तुलनेसाठी एकदा उलट्या दिशेनं ओवाळ म्हणणार. भावाला कुणी उलटं ओवाळतं का? ताई दरवर्षी भडकते. यंदा मी पाटावर बसलो तेव्हा पंखा गरगर फिरत होता. दाजी खिडकीशी खुर्चीत बसून बाहेर बघत होते. ताईनं ताट उचललं, ज्योत आडवी झाली, आता विझते की मग विझते असं झालं.

"दाजी, ज्योत हलतेय," मी म्हणालो.

"हलू दे," ते म्हणाले.

इतकी वर्षं या माणसानं मला घामानं भिजवलं, मी मनातल्या मनात त्यांच्या नावानं बोटं मोडली, आणि आता ते पंखा चालू देतायत हे मला सहन होईना. ताई खाली बस म्हणत असताना मी पाटावरून उठलो आणि बटण बंद केलं.

"तो बर्नर निघोज्याला आणा," मी म्हणालो. "शेडचा गोडाऊनकडचा कोपरा रिकामा आहे. पावडरपासून लांब आहे."

त्यांनी खिडकीवरून मान वळवून माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "तिथे एक दार आहे."

"बंद ठेवू."

"आणि पंखे?"

उन्हाळ्यात रसरसणारे शेडचे पत्रे माझ्या डोळ्यांपुढे आले. मामा आणि बाकीची माणसं माझ्या नावानं काय बोलतील, तेही कानाशी ऐकू आलं.

"पंखेही बंद ठेवू," मी म्हणालो.

दाजी खुर्चीतून उठले आणि माझ्या पाटाशेजारी येऊन जमिनीवर बसले. चष्मा पुसून त्यांनी डोळ्यांवर चढवला. ज्योत सरळ उभी राहिली होती.

"आता ओवाळ," ते ताईला म्हणाले. "सावकाश. आणि मग एकदा..."

"उलटं ओवाळणार नाही," ताई पदरानं डोळे पुसत म्हणाली.

खोलीत उकडायला लागलं होतं. घाम माझ्या कानामागून ओघळत होता, पण मी अजिबात न हलता पाटावर बसून राहिलो.