शेळीनं खाल्लेला शेवट

आमच्या ग्रंथपाल सरांनी आयुष्यात कुणाला सरळ उत्तर दिलं असेल, तर मला येऊन सांगा. काहीही विचारा, हात कपाटाकडे आणि वाक्य ठरलेलं, "मला काय इचारतीस? त्याला इचार की!" पोरं पाठीमागं त्यांना 'त्यालाइचार सर' म्हणायची. सरांना ते ठाऊक होतं.

आमचं हायस्कूल कोरेगावजवळचं. एखादा तास मोकळा पडला की वर्ग सरांकडे हाकलायचा, एवढाच बाकीच्या मास्तरांच्या लेखी त्यांचा उपयोग. पण खरं शिकायचो आम्ही तिथंच. कोयनेला सारखी जमीन का हादरते, असं मी एकदा विचारलं. सरांनी दोन पुस्तकं पुढं टाकली. एक म्हणे धरणाच्या पाण्यामुळं, दुसरं म्हणे जमिनीच्या पोटातल्या जुन्या भेगांमुळं.

"सर, खरं कुणाचं?"

"भांडू दे की दोघांना. तू पंच हो."

आठवडाभर मी पंचगिरी केली आणि बाकावरच्या मैत्रिणीशी कडाकडा भांडले.

मी मेंढपाळाची पोर. शाळेसाठी मावशीकडे राहायचे, पण दिवाळीची सुट्टी आईबापाबरोबर, मेंढरं बसली असतील त्या रानात. हेडमास्तरांचा दंडक होता, की मेंढरामागं जाणाऱ्या पोरांना सुट्टीत पुस्तक द्यायचं नाही, ते परत येत नाही. त्या वर्षी सर माझ्यासाठी भांडले. "एक डाव देऊन तर बघू. न्हाई आलं तर पुन्यांदा मागणार न्हाई." म्हणजे माझ्या एका पुस्तकावर आम्हा सगळ्याच पोरांची पुस्तकं टांगलेली.

मला मिळालेल्या पुस्तकातल्या गोष्टीत एक मुलगी हरवलेल्या भावाला शोधत निघते. इस्लामपूरजवळ आमचा तळ पडला होता. शेवट उद्या वाचू म्हणून मी राखून ठेवला आणि शेळीनं तो आजच वाचला. मेलीनं सहा पानं फस्त केली, पुठ्ठा तेवढा सोडला!

शाळा उघडल्यावर पुस्तक सरांपुढं ठेवलं. त्यांनी फाटकी कड न्याहाळली.

"शेवट वाचला हुतास?"

"व्हय सर." धडधडीत खोटं.

"मग लिहून दे. सहा पानं, शाईनं."

दोन दिवस घाम गाळला. भावाला शोधून घरी आणलं, त्याला आईच्या हातची गरम भाकरी वाढली. सरांनी वाचलं. दाभण-दोरा घेऊन पानं शिवली आणि हेडमास्तरांना सांगून आले, "पुस्तक आलं. पुरं हाय."

आमच्या पोरांना सुट्टीत पुस्तकं मिळू लागली. मला मात्र खोटं बोलल्याची इतकी लाज वाटे, की त्या कपाटाकडे मी पुन्हा फिरकलेच नाही.

गेल्या महिन्यात सर निवृत्त झाले. त्यांच्या जागी कुणी येणार नाही म्हणे, किल्ल्या ऑफिसात राहणार. निरोप समारंभाला गेले तेव्हा धीर करून ते कपाट उघडलं. माझं पुस्तक होतं. शेजारी त्याचीच दुसरी प्रत, जुनी पण धड. उभ्या उभ्या शेवट वाचला. त्यात भाऊ सापडतच नाही.

"सर, तुम्हाला ठाऊक होतं?"

"त्याच दिवशी."

"मग शिवलंत कशाला?"

हात कपाटाकडे. "मला काय इचारतीस? त्याला इचार की!"

पुस्तक कुणी नेलं की पुठ्ठ्याच्या आतल्या चिठ्ठीवर तारखेचा शिक्का बसतो. धड प्रतीत चार शिक्के होते. माझ्या पुस्तकात चिठ्ठीवर चिठ्ठी डकवलेली, आणि तिसरीही भरत आलेली. माझे डोळे असे भरून आले की आकडे दिसेनात. पदरानं पुसून पुन्हा बघितलं. शेवटचा शिक्का निरोपाच्याच आठवड्यातला होता.