चाचांच्या सुंबुलदाण्या

फुलझाडांचं वेड असलेली माणसं भिवंडीत नाहीत असं मी म्हणणार नाही. पण बर्फाच्या मुलखातलं फूल, मातीचा कणही न वापरता, जुन्या काचेच्या भांड्यात नुसत्या पाण्यावर फुलवायचं, आणि तेही डोक्यावर पंखा गरगरत असताना, असा हट्ट धरणारा माणूस अख्ख्या ठाणे जिल्ह्यात एकच होता आणि तो नेमका आमचा घरमालक होता. आम्ही त्यांना चाचा म्हणायचो. लग्न होऊन मी त्यांच्या वरच्या मजल्यावर राहायला आले तेव्हा खालच्या हॉलमधले कापड विणायचे लूम त्यांनी नुकतेच विकले होते. उभं आयुष्य लूमच्या खडखडाटात गेल्यामुळे चाचांना कमी ऐकू यायचं, आणि जगालाही तेवढंच कमी ऐकू येत असणार अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. "बेटी, ही गोष्ट फक्त तुला सांगतो," असं ते माझ्या कानाशी येऊन म्हणाले की गल्लीच्या तोंडाशी बसलेला पानवाला हातातलं पान ठेवून लक्ष द्यायचा.

त्या फुलाचं नाव हायसिंथ. चाचा त्याला सुंबुल म्हणायचे आणि ते ज्यात फुलवायचं त्या भांड्याला सुंबुलदाणी. कुणी साधं 'फुलदाणी' म्हटलं तर त्यांचा चेहरा पडायचा. "फुलदाणीत मेलेलं फूल ठेवतात," ते समजावून सांगायचे, "ह्याच्यात जितं फूल राहतं." ते भांडं होतंही वेगळंच. खाली गोल पोट, मधे आवळलेली कंबर आणि वर छोट्या वाटीसारखं तोंड. वाटीत सुंबुलचा कांदा बसवायचा, पाणी कंबरेपर्यंत भरायचं. कांद्याने पाण्याला शिवायचं नाही, नाहीतर तो कुजतो. तहान लागली की तो आपली पांढरी मुळं खाली धाडतो. हे सांगताना चाचा पाची बोटं हळूहळू खाली सोडून दाखवायचे आणि ऐकणाऱ्याला उगाच तहान लागायची.

कांदे काश्मीरहून कुरिअरने यायचे. भांडी मात्र चाचांना जुनीच लागायची, आजोबांच्या वयाची, हाताने फुंकलेली, काचेत कुठेतरी एखादा बुडबुडा अडकलेला. भिवंडीत ती कुठून मिळणार, असं मलाही आधी वाटायचं. पण चाचांच्या बिरादरीत पूर्वी घरटी एक तरी माणूस जहाजावर नोकरीला असायचा, आणि परदेशातल्या बंदरातून येताना बायकोसाठी काहीतरी काचेचं घेऊन यायचा. आणलेली वस्तू कशासाठी असते हे त्यालाही माहीत नसायचं आणि बायकोलाही. त्यामुळे निळ्या, हिरव्या, जांभळ्या, मधाच्या रंगाच्या या देखण्या सुंबुलदाण्या पिढ्यान् पिढ्या कुणाच्या घरी अगरबत्त्या, कुणाच्या घरी कंगवे, तर कुणाच्या घरी म्हातारीची कवळी सांभाळत उभ्या होत्या. चाचा कुठल्याही घरात शिरले की आधी शोकेसला सलाम करायचे आणि मग माणसांना. भंगारवाल्यांच्या गोदामांत तर त्यांचं रोजचंच जाणं. भांडं हातात घ्यायचं, उजेडाकडे धरायचं, नखाने टिचकी मारायची आणि कानाला लावायचं. आवाज ऐकू येत नसे, हे भंगारवाल्यालाही माहीत होतं, पण तोही तेवढा वेळ आदराने गप्प बसायचा.

माझ्या नणंदेचं लग्न जमायच्या वेळची गोष्ट. मुलाकडचे लोक अंबाडीचे. बोलणी करायला वडीलधारं माणूस हवं म्हणून आम्ही चाचांना सोबत नेलं. पोहे आले, चहा आला, मुलाचे वडील देण्याघेण्याच्या विषयाकडे सावकाश वळत होते, आणि आमचे वडीलधारे मात्र टीव्हीवरच्या फळीकडे टक लावून बसलेले. तिथे गर्द जांभळ्या काचेच्या सुंबुलदाणीत मोरपिसं खोचून ठेवली होती. मुलाच्या वडिलांनी विचारलं, "मग, तुमची काय अपेक्षा आहे?" चाचा तत्काळ म्हणाले, "ती जांभळी." आमच्या ह्यांनी डोळे मिटून घेतले. मुलाची आई उठली, मोरपिसं काढून बाजूला ठेवली, भांडं पदराने पुसलं आणि चाचांच्या हातात देत म्हणाली, "मुलीकडच्यांनी पहिल्यांदाच काही मागितलं आमच्याकडं. घ्या." त्यानंतर देण्याघेण्याचा विषय काढायला मुलाच्या वडिलांना काही जमलं नाही. नणंद तिथे सुखात आहे आणि अजूनही सासूचं नाव काढलं की हसते.

चाचींना या सगळ्याचा वैताग होता. "पोरं वाढवली, लूम वाढवले, आता ह्या वयात कांदे वाढवतात," त्या म्हणायच्या. सुंबुलच्या कांद्याला आधी अडीच-तीन महिने थंडी लागते, तरच आतली कळी जागी होते. भिवंडीत एवढी थंडी फक्त फ्रिजमध्ये. शिवाय शेजारी सफरचंद असेल तर त्याच्या वाऱ्याने कळी आतल्या आत मरते. त्यामुळे दिवाळीच्या आसपास चाचांच्या फ्रिजमधून फळं हद्दपार व्हायची. एकदा त्यांच्या व्याह्यांनी सफरचंदांची पेटी आणली. चाचांनी ती दारातच हातात घेतली, शुक्रिया म्हटलं आणि पाहुण्यांना तिथेच उभं ठेवून जिना चढून आमच्याकडे आणून दिली. दुसऱ्या एका वर्षी चाचींच्या बहिणीने खिम्यासाठी म्हणून फ्रिजमधला एक कांदा कापायला घेतला. चाचा आत आले तेव्हा ती हात खाजवत तक्रार करत होती, "कसला कांदा आणलाय, डोळ्यांतून पाणीसुद्धा येत न्हाय." चाचांनी विळीवरच्या चकत्या पाहिल्या. "तुझ्या न्हाय आलं," ते म्हणाले आणि रुमाल काढला.

एवढं करून फूल यायचं का? नाही. मी पाहत होते तितके हिवाळे एकदाही आलं नाही. मुळं यायची, सुरेख यायची, म्हाताऱ्याच्या दाढीसारखी भांडं भरून जायची. पोपटी कोंबही यायचा. मग तो बोटभर उंचीवर थबकायचा, पिवळा पडायचा, आणि एके सकाळी हॉलमधून कुजका वास आला की चाची खिडक्या उघडायच्या. दोष फ्रिजचा, असं चाचांचं मत होतं. मुळं फुटताना कांद्याला अंधार लागतो म्हणून ते भांडी रिकाम्या हॉलच्या कोपऱ्यात मांडून प्रत्येकावर सूत गुंडाळायचा कागदी कोन टोपीसारखा घालून ठेवत. पण त्यांना धीर कुठला? सकाळच्या नमाजानंतर एकदा, नाश्त्यानंतर एकदा, कुणी पाहुणा आला की त्याला दाखवायला एकदा, अशी प्रत्येक टोपी उचलून, दिवा लावून पाहणी व्हायची.

मागच्याच्या मागच्या हिवाळ्यात आमच्या ह्यांनी एक तोड काढली. हे दापोड्याच्या एका गोदामात सुपरवायझर आहेत. तिथे चॉकलेटं ठेवायची एक थंड खोली आहे. मालकाची परवानगी काढून ह्यांनी चाचांचे कांदे तिथे एका खोक्यात ठेवले. चाचा दर आठवड्याला रिक्षा करून दापोड्याला जात, थंड खोलीच्या बंद दाराला हात लावत आणि परत येत. डिसेंबर सरता सरता कांदे घरी आले, भांड्यांत बसले, टोप्या चढल्या, आणि त्याच आठवड्यात चाची ओट्याशी उभ्या असताना छातीला हात लावून खाली बसल्या.

त्यांना ठाण्याच्या मोठ्या हॉस्पिटलात नेलं. तातडीने ऑपरेशन करावं लागलं. मुलगा नाशिकहून आला, मी थांबतो म्हणाला. चाचा मात्र तिथून हलायला तयार नव्हते. बाहेरच्या बाकावर बसून राहायचे. मी डबा घेऊन जायचे तेव्हा ते एकच वाक्य बोलायचे, आणि तेही खरोखरच हळू आवाजात: "ती बोलत न्हाय अजून." मी खालच्या घराला कुलूप लावून ठेवलं होतं. कांद्यांची मला आठवणही नव्हती आणि चाचांनीही काढली नाही.

जवळजवळ महिन्याने चाचींना साध्या वॉर्डात हलवलं त्या दिवशी त्यांचे कपडे न्यायला मी खालचं दार उघडलं. अंधाऱ्या हॉलमध्ये असा गोड, दाट वास भरला होता की अत्तराची बाटली फुटली की काय असं वाटलं. कोपऱ्यात एका भांड्यावरची टोपी तिरकी होऊन वर उचलली गेली होती. मी ती काढली. खाली निळं फूल होतं. फूल कसलं, लहान लहान घंटांचा भरगच्च तुरा. मी चाचांना फोन लावला. फूल आलंय म्हणून सांगितलं. मग त्यांनी विचारलं, "भांडं कुठलं?" मी म्हटलं, निळं, पोटाशी बारीक तडा असलेलं. "ते अब्बांनी बोटीवरून आणलेलं," ते म्हणाले. "तिथंच थांब. मी येतो."

त्या संध्याकाळी आम्ही रिक्षाने परत ठाण्याला निघालो. भांडं चाचांच्या मांडीवर, एक हात बुडाखाली, दुसरा फुलाभोवती. प्रत्येक खड्ड्याला चाचा स्वतः हवेत उचलले जात होते, पण पाणी हिंदकळू देत नव्हते. कशेळीच्या पुलावर ट्रकांच्या रांगेत आम्ही अडकलो तेव्हा रिक्षावाला मागे वळून म्हणाला, "चाचा, ये कौनसा सेंट है?" चाचांची नजर पाण्यावरून हलली नाही. वॉर्डच्या दारात वॉचमनने अडवलं. मातीची कुंडी आत नेता येणार नाही म्हणाला. "माती दाखव," चाचा म्हणाले. त्याने भांडं चारी बाजूंनी पाहिलं, खाली वाकून पाहिलं, पाण्यात पसरलेली मुळं पाहिली, आणि दार उघडलं.

चाचींनी फुलाकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. त्यांचा आवाज अजून कमजोर होता. "तुमी घरात नव्हता," त्या म्हणाल्या, "म्हणून फुललं." चाचांना हे ऐकू गेलं नसावं असं मला वाटलं. पण ते स्टूल ओढून बसले, मान हलवली आणि म्हणाले, "असेल." नंतर ते रडले. चाचींनी त्यांच्या हातावर हात ठेवला आणि नर्सला सांगितलं, जरा पडदा ओढ.

शेजारच्या खाटेवर वज्रेश्वरीकडच्या एका खेड्यातली म्हातारी होती. तिला भेटायला फारसं कुणी येत नसे. ती दिवसभर कुशीवर वळून त्या फुलाकडे बघत पडायची. "कांद्याला असा फूल येतंय, हे म्या कंदी बघितलाच न्हाय," ती चाचींना म्हणायची, आणि चाची तिला सुंबुलची सगळी हकीकत सांगायच्या, थंड खोलीपासून टोपीपर्यंत, एकही गोष्ट न चुकता. इतकी वर्षं त्या हे सगळं ऐकत होत्या हे तेव्हा कुठे आम्हाला कळलं. घरी सोडलं त्या दिवशी सामान बांधताना चाचींनी ते भांडं उचललं आणि म्हातारीच्या उशाशी ठेवलं. मी चाचांकडे पाहिलं. अब्बांची आठवण, आणि आयुष्यातलं एकमेव फूल. ते पिशव्या घेऊन लिफ्टपर्यंत आले, मग एकदम थांबले आणि मागे वळले. मला वाटलं, आता ते मागून घेणार. मी मागोमाग गेले. चाचा म्हातारीच्या खाटेपाशी वाकून साऱ्या वॉर्डला ऐकू जाईल अशा आवाजात सांगत होते, "पाणी कांद्याला टेकू देऊ नको, आजी. खालीच ठेव. तो घेतो आपलं आपण."

पुढच्या पावसाळ्याआधी मुलाने दोघांना नाशिकला नेलं. डॉक्टर जवळ, जिने नाहीत, हवा चांगली. बाकीच्या सुंबुलदाण्या जुन्या साड्यांत गुंडाळून टेम्पोत चढवताना चाची मजुरांवर ओरडत होत्या आणि चाचा एकेक गाठोडं चाचपून बघत होते. आता नाशिकच्या थंडीत त्यांच्या खिडकीत एकेक फूल असं येतं की बघत राहावं. जांभळीतलं, हिरवीतलं, मधाच्या रंगातलं. चाची फोटो पाठवतात. चाचा फोन करतात, आणि मी फोन कानापासून हातभर लांब धरते.

"सगळे फुलले ह्या वर्षी," परवा ते म्हणाले.

मी म्हटलं, "वा, चाचा. छान झालं."

"छान काय त्यात. हितं कोण पण फुलवंल." मग त्यांनी विचारलं, "तिकडं थंडी कशी हाय?"

"थंडी कुठली, चाचा? पंखा लावून बसलेय."

ते मग हळूच, त्यांच्या मानाने खूपच हळूच, म्हणाले, "मग मजा हाय तिकडं."