मुठीतल्या अक्षता
लग्नात कोबी शिजल्याचा वास आला की माझ्या तळहाताला अजून शिरशिरी येते. मंचरजवळच्या एका लग्नात जागा अपुरी पडली, म्हणून नवरीच्या बापानं अळीनं चाळण केलेला कोबी आदल्या दिवशी उपटून त्याच वावरात मांडव घातला होता. उपाशी हिरव्या अळ्या खुर्च्यांवर चढत होत्या, मांडवाच्या कापडाला धाग्यानं लोंबत होत्या. मंगलाष्टकं चालू असताना माझ्या मुठीत अक्षतांमध्ये काहीतरी वळवळलं. मी शहारलो, तसा नवरीचा बाप कानाशी पुटपुटला, “गप टाका राव, नवऱ्याकडच्यांना कळलं तर लई शोभा व्हईल.” ‘सावधान’ होताच मी मूठ रिकामी केली. अळी नवरीच्या गालाला चिकटली. तिनं हसतहसत ती चिमटीत चिरडली आणि त्याच बोटांनी नवऱ्याला हार घातला. हल्ली मी अक्षता घेतो, पण मूठ मिटत नाही.